एका हातात शस्त्रक्रियेची सुरी, दुसऱ्या हातात हेलिकॉप्टरची दांडी!



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलगी म्हणते, "आई, मला डॉक्टर व्हायचंय." आई बापाकडे बघते, बाप छताकडे बघतो. मग कोणी तरी नातेवाईक म्हणतो, "मुलीच्या जातीला एवढं कशाला? डी. एड. करू दे, नाही तर नर्सिंगला घाला." नर्स होणे कमी प्रतीचे मुळीच नाही. पण मुलीचे स्वप्न तिला न विचारताच कापून लहान केले जाते, हे मात्र वाईट आहे. म्हणून आज एका परदेशी स्त्रीची हकिगत सांगावीशी वाटते. तिने डॉक्टर व्हायचे आणि विमानही उडवायचे, अशी दोन स्वप्ने पाहिली आणि दोन्ही खरी करून दाखवली.

तिचे नाव वॅलेरी आंद्रे. जन्म २१ एप्रिल १९२२, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरी. आकाशात उडण्याचे वेड लहानपणापासूनच. डॉक्टर होण्याचीही जिद्द तेवढीच. त्या काळी फ्रान्ससारख्या सुधारलेल्या म्हणविणाऱ्या देशातसुद्धा स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. तो १९४४ साली मिळाला. बायकोने नोकरी करू नये असे नवऱ्याला वाटले, तर तो कायद्याने तिला अडवू शकत असे. ही अट १९६५ साली गेली. म्हणजे स्त्रीला पायात बेड्या घालण्याचा रोग काही एकट्या मनुस्मृतीच्या देशातच होता असे नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीने स्ट्रासबर्ग गिळले. तिथले विद्यापीठ क्लेरमाँ-फेराँ या गावी हलवण्यात आले. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्या विद्यापीठावरही गेस्टापो पोलिसांची धाड पडली. वॅलेरी त्यातून निसटली आणि पॅरिसला पोहोचली. तिथे तिने शिक्षण पुरे केले. १९४८ साली ती डॉक्टर झाली. प्रबंधाचा विषय होता, पॅराशूटने उडी मारणाऱ्यांचे आरोग्य. उडी मारायला ती स्वतःही शिकली होती!

१९४९ मध्ये लष्करी डॉक्टर म्हणून तिची रवानगी इंडोचायनातल्या आजच्या व्हिएतनाममध्ये झाली. तिथे फ्रेंच राजवटीविरुद्ध व्हिएतनामी जनतेचे युद्ध पेटले होते. सायगावच्या लष्करी रुग्णालयात ती डोक्याच्या जखमांवर शस्त्रक्रिया करू लागली. पण तिच्या लक्षात एक गोष्ट आली. जंगलात, भाताच्या खाचरांत जखमी झालेला शिपाई तिच्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागे. रस्ते नाहीत, आहेत त्यांवर सुरुंग पेरलेले. झोळीत घालून माणसाला वाहून आणावे, तर तो वाटेतच प्राण सोडी. सुरी कितीही धारदार असली, तरी रोगी टेबलापर्यंत आलाच नाही तर डॉक्टर काय करणार?

१९५० मध्ये तिथे दोन छोटी हिलर हेलिकॉप्टरे आली. त्याच वर्षी मे महिन्यात अलेक्सी सांतिनी या वैमानिकाने त्यातून पहिले जखमी बाहेर काढले. (हेच सांतिनी पुढे वॅलेरीचे पती झाले.) ते यंत्र पाहताच वॅलेरीने ठरवले की हे आपणच चालवायचे. म्हणजे जखमीकडे डॉक्टर आणि वाहन एकाच वेळी पोहोचेल. तिने फ्रान्सला जाऊन प्रशिक्षण घेतले आणि ती युद्धभूमीवर परत आली.

हे हेलिकॉप्टर कसले, उडती सायकलच म्हणा ना! दोन्ही बाजूंना बाहेर दोन स्ट्रेचर बांधलेले. एका खेपेला दोनच जखमी. उष्ण हवेत इंजिन दमून जाई, एकेक किलो वजन मोजून घ्यावे लागे. वॅलेरी अंगाने किरकोळ. ज्या शरीराला लोक नाजूक म्हणून हिणवतात, त्याच हलक्या वजनाचा तिथे उपयोग झाला. रेडिओवर तिचे सांकेतिक नाव होते 'व्हेंटिलेटर', म्हणजे पंखा.

डिसेंबर १९५१ मधली गोष्ट. उत्तरेला काळ्या नदीकाठी तू वू येथे मोठी लढाई झाली आणि जखमींचा ढीग पडला. हेलिकॉप्टर होते दूर दक्षिणेत, सायगावला. ते सुटे करून मालवाहू विमानात घातले, हनोईला नेले आणि तिथे पुन्हा जोडले. दाट धुके होते, खालून तोफा डागल्या जात होत्या, तरी वॅलेरी एकटीच गेली. उतरल्यावर आधी जखमींची पाहणी केली. ज्यांना थांबणे शक्यच नव्हते त्यांच्यावर तिथल्या तिथे शस्त्रक्रिया केल्या. मग दोन-दोन जखमींना घेऊन हनोईच्या खेपा सुरू केल्या. या युद्धात तिने हेलिकॉप्टरच्या १२९ मोहिमा केल्या आणि १६५ जखमींना बाहेर काढले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फ्रान्सचे ते युद्ध न्यायाचे नव्हते. परक्या देशावर सत्ता टिकवण्यासाठी ते चालले होते आणि व्हिएतनाम ही तर बुद्धाला मानणाऱ्या लोकांची भूमी. तेव्हा त्या युद्धाचा गौरव आपण करू नये. पण रक्ताने माखलेल्या माणसासाठी आपला जीव पणाला लावणाऱ्या हातांचा गौरव जरूर करावा. अतिसाराने लोळत पडलेल्या, सगळ्यांनी टाकलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतले, अंथरुणावर निजवले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा आहे, असे संघाला समजावले. करुणा म्हणजे नुसते हळहळणे नव्हे. करुणेला हात असावे लागतात आणि त्या हातांना विद्याही लागते!

पुढे वॅलेरीने अल्जीरियातही ३६५ मोहिमा केल्या. १९७६ साली ती फ्रान्सच्या सैन्यातली पहिली स्त्री जनरल झाली. त्याच १९७६ साली आपल्या देशातही लष्करी परिचारिका सेवेच्या गर्ट्रूड अली राम या मेजर जनरल झाल्या. पाहा, नर्सिंगच्या वाटेनेही स्त्री जनरल होऊ शकते! जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी वॅलेरी आंद्रेने जगाचा निरोप घेतला.

आता आपल्या घराकडे वळू. लष्कराचे आणि आपले नाते जुने. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे सैन्यातलेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या माणसांना भरती बंद झाली होती. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत, समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे ठणकावून सांगितले. आणि वॅलेरी जंगलावरून उडत होती त्या १९५१ सालीच हिंदू कोड बिल अडवले गेले, म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. या देशातल्या लेकींसाठी त्यांनी खुर्ची सोडली. आपण मुलीसाठी निदान लग्नातला बँडबाजा तरी सोडायला नको काय?

पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मुलींना प्रवेश मिळतो. बारावी विज्ञान आणि नीट परीक्षा ही त्याची पायरी. शिक्षणाची फी नाही, त्याबदली सैन्यात सेवा द्यावी लागते. स्पर्धा कठीण आहे, हे खरे. पण ज्या घरात ही वाट आहे हेच ठाऊक नाही, त्या घरची मुलगी स्पर्धेत उतरणार तरी कशी?

म्हणून या रविवारी विहारातून घरी आल्यावर एवढेच करा. मुलीला जवळ बसवा आणि विचारा, "बाळ, तुला काय व्हायचंय?" तिने एक नव्हे, दोन गोष्टी सांगितल्या तरी हसू नका. छताकडे बघू नका. तिच्या डोळ्यांकडे बघा.

जयभीम! नमो बुद्धाय!