‘सुपर’ राहिलं की सीसाइड अडतं

बंगळुरूत जावावर हात बसलेल्या प्रोग्रामरला ‘ओव्हरराइड’ची खूण ओळखीची असते. स्मॉलटॉकमध्ये तशी खूण लिहावी लागत नाही. नाव जुळलं की वरची मेथड झाकली जाते.

२००२ मध्ये आलेल्या सीसाइड या स्मॉलटॉक वेब फ्रेमवर्कमध्ये हे हमखास नडतं. कंपोनंटमध्ये ‘इनिशियलाइझ’ नव्याने लिहिताना ‘सुपर इनिशियलाइझ’ राहिलं, तर मूळ क्लासची पूर्वतयारी होतच नाही. बिघाड मात्र दिसतो नंतर, भलत्याच ठिकाणी.

अशा वेळी संशयित मेथडमध्ये ‘सेल्फ हॉल्ट’ टाकून पान उघडावं. डीबगर पुढ्यात येतो, तिथेच दुरुस्ती करून अडलेलं काम पुढे सोडता येतं. ही सोय खरोखर अप्रतिम आहे! मात्र दुरुस्ती करताना एक लक्षात ठेवावं: ‘सुपर’ लिहिल्यावर मेथडचा शोध सुरू होतो तो मेथड जिथे लिहिली त्या क्लासच्या वरून, ऑब्जेक्टच्या क्लासच्या वरून नव्हे.