ऐकणारी तार

‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकणारा’ असा आहे. गृहस्थधर्म पाळणाऱ्यास आपल्या परंपरेने हे नाव दिले, ते श्रवणाचे मोल जाणूनच. हौशी रेडिओच्या इतिहासात शंभर वर्षांपूर्वी असा एक प्रसंग घडला, ज्यात बोलणाऱ्यांइतकीच कसोटी ऐकणाऱ्याची लागली.

१९१२ च्या कायद्याने अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांना २०० मीटर व त्याहून कमी लांबीच्या तरंगांपुरते मर्यादित केले होते. दूर पल्ल्यासाठी हे तरंग निरुपयोगी, असा त्या काळचा समज होता. मोठ्या कंपन्या हजारो मीटर लांबीचे तरंग आणि उंचच उंच मनोरे वापरीत. तरीही आपले संकेत अटलांटिक ओलांडतील, असा हौशी मंडळींना विश्वास वाटत होता. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी तसा प्रयोग केला. पण ब्रिटनमध्ये कोणालाच काही ऐकू आले नाही. दोष तरंगांचा की ऐकणाऱ्या साधनांचा, हे ठरवण्यासाठी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ या हौशींच्या संघटनेने पॉल गॉडली या निष्णात तंत्रज्ञाला त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनला पाठवले.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे गॉडली यांनी एका शेतात तंबू ठोकला. हिवाळ्याचे दिवस, समुद्रावरून येणारे बोचरे वारे आणि ओल. तेथे त्यांनी मनोरा उभारला नाही. सुमारे १२ फूट उंचीच्या खांबांवरून १३०० फूट लांबीची एकच तार अमेरिकेच्या दिशेने सरळ ताणली. साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक सोबत होता. रात्रीमागून रात्री दोघे कानाला श्रवणयंत्र लावून बसत. १२ डिसेंबर १९२१ च्या पहाटे कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच येथील हौशी केंद्राचा संपूर्ण संदेश त्यांनी टिपून घेतला. अंतर सुमारे ५,००० किलोमीटर, तरंगलांबी अवघी २३० मीटरच्या आसपास. त्या मुक्कामात वीसहून अधिक अमेरिकन केंद्रे त्यांना ऐकू आली. काही ब्रिटिश हौशींनाही आपापल्या घरी अमेरिकन संकेत मिळाले. ‘निरुपयोगी’ तरंगांवरील डाग पुसला गेला.

गॉडली यांची तार हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकन अभियंत्याच्या संशोधनावर आधारलेली होती. १९२१ मध्येच तिचे पेटंट त्यांना मिळाले होते. तिची रचना अगदी साधी आहे. एक तरंगलांबी किंवा त्याहून लांब तार जमिनीपासून थोड्या उंचीवर, ज्या दिशेचे ऐकायचे त्या दिशेला ताणायची. दूरच्या टोकाला सुमारे ५०० ओहमचा रोधक लावून तो जमिनीला जोडायचा आणि जवळच्या टोकाला रेडिओ. जमिनीवरून सरकताना तरंग किंचित पुढे झुकतो व तारेत विद्युत्प्रवाह निर्माण करतो. इष्ट दिशेने येणारा तरंग तारेबरोबर धावत रेडिओपर्यंत बळावत जातो. मागून आलेला मात्र दूरच्या टोकाकडे जाऊन रोधकात विरतो.

ही तार प्रक्षेपणासाठी कुचकामी आहे, कारण तिला दिलेली बरीचशी शक्ती जमिनीत आणि रोधकात वाया जाते. ग्रहण करतानाही तिच्यात येणारा संकेत उंच अँटेनापेक्षा क्षीणच असतो. परंतु चहूकडून येणारा विजांचा व यंत्रांचा गोंगाट त्याहूनही अधिक घटतो. एवढ्या कमी कंप्रतेवर अडचण असते ती गोंगाटाची. क्षीण आवाज रेडिओत वाढवता येतो, पण गोंगाटात बुडालेला आवाज वाढवून काही साधत नाही. म्हणून कमी घेणारी ही तार अधिक ऐकते.

आज हौशींचा १६० मीटरचा पट्टा, म्हणजे १.८ मेगाहर्ट्झच्या आसपासची कंप्रता, याच तरंगांचा वारसा चालवतो. दूरवर बोलण्यासाठी येथे तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतका, म्हणजे ४० मीटर उंच खांब लागतो. ही उंची बारा-तेरा मजली इमारतीएवढी झाली. ती न साधल्यास तार काही अंतर उभी नेऊन वर आडवी वळवतात आणि जमिनीत चहूबाजूंना तारा पुरतात. ऐकण्यासाठी मात्र अनेक जण वेगळी तार अथवा तारेचे लहान वेटोळे ठेवतात.

या पट्ट्याचे वेळापत्रक सूर्याच्या हाती आहे. दिवसा सूर्यकिरणांमुळे आयनांबरात तयार होणारा खालचा थर हे तरंग शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरळ होतो आणि वरच्या थरावरून परावर्तित होऊन तरंग खंडे ओलांडतात. चौविहार पाळणाऱ्या घरात भोजन आटोपून दिवसाची धावपळ थांबते, नेमका त्याच वेळी हा पट्टा जागा होऊ लागतो.

प्रक्षेपणासाठी सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. पण यामागील तत्त्व सदनिकेतही अनुभवता येते. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर रात्री मध्यम लहरींवर दूरचे एखादे केंद्र लावावे. त्या संचाच्या आत फेराइटच्या कांडीवर तार गुंडाळलेली असते आणि तीही दिशा ओळखते. जवळच्या चार्जरची किंवा दिव्याची खरखर येत असेल, तर आवाज न वाढवता संच सावकाश फिरवावा. एका विशिष्ट कोनात खरखर मावळते. केंद्र दुसऱ्या दिशेला असेल, तर मागचा निवेदक स्पष्ट होतो. मुलांना हा प्रयोग स्वतःच्या हातांनी करू द्यावा. योग्य कोन सापडेपर्यंत त्यांना थोडा वेळ शांत बसून ऐकावे लागेल.