आयडाहो पट्ट्यातील तांबे-कोबाल्ट पूर्वेक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयडाहो राज्याच्या पूर्वमध्य भागात, लेमहाय परगण्यातील सॅमन नदीच्या पर्वतमय प्रदेशात, तांबे व कोबाल्ट यांच्या निक्षेपांचा एक पट्टा आहे. वायव्य-आग्नेय दिशेने सु. ६० किमी. पसरलेल्या या पट्ट्यास आयडाहो कोबाल्ट पट्टा म्हणतात. जगातील बहुतेक कोबाल्ट तांब्याच्या किंवा निकेलाच्या धातुकातून (ज्यातून धातू किफायतशीरपणे काढता येतो अशा खनिज-पाषाणातून) उपउत्पादन म्हणून मिळते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील खाणी एकट्याच जागतिक उत्पादनाच्या ७० टक्क्यांहून अधिक कोबाल्ट पुरवितात. मोरोक्कोतील बू अझेरप्रमाणे मुख्यतः कोबाल्टासाठी चालणारी खाण विरळाच. आयडाहोतील काही निक्षेपांत मात्र कोबाल्ट हेच प्रमुख मूल्य व तांबे त्याचे सोबती, अशी उलट स्थिती आहे. त्यामुळे येथील शोधकार्याचे भवितव्य भूविज्ञानाइतकेच कोबाल्टाच्या बाजारभावावरही अवलंबून राहिले आहे.

खाणदावा : भारतात खनिजशोधाचा परवाना व खाणपट्टा १९५७ च्या अधिनियमानुसार शासनाकडून मिळवावा लागतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सार्वजनिक भूमीवर १८७२ चा खाण कायदा लागू असून त्यानुसार शोधकाने स्वतः जागा निवडून तिच्या सीमांवर खुणा रोवावयाच्या व दावा नोंदवावयाचा असतो. शिरेच्या स्वरूपाच्या निक्षेपावरील एका दाव्याची कमाल लांबी शिरेच्या दिशेने १,५०० फूट (सु. ४५७ मी.) व रुंदी शिरेच्या प्रत्येक बाजूस ३०० फूट असते, म्हणजे क्षेत्र जेमतेम ८ हेक्टरांच्या वर भरते. एवढ्या लहान तुकड्यावर आधुनिक शोधकार्य शक्य नसल्याने कंपन्या एकमेकांस लागून असलेले शेकडो दावे धारण करतात. पूर्वी दावा टिकविण्यासाठी दरवर्षी शंभर डॉलर किंमतीचे काम दाखवावे लागे. १९९० नंतरच्या दशकात बहुतेक दावेदारांच्या बाबतीत त्याची जागा वार्षिक शुल्काने घेतली.

दावा वैध ठरण्यास मौल्यवान खनिजाचा ‘शोध’ लागलेला असणे आवश्यक असते. विवेकी मनुष्य आपले श्रम व पैसा पुढे खर्च करण्यास प्रवृत्त होईल इतका पुरावा हवा, ही कसोटी १८९४ मध्ये मांडली गेली, तर खनिज नफ्याने विकता आले पाहिजे ही जोड सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये मान्य केली. म्हणजे खडकावर हिरवा डाग दिसला एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने शोध लागत नाही. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीनेही तो लागत नाही.

खनिजे व त्यांचा आढळ : पट्ट्यातील धातुक कँब्रियनपूर्व काळातील, सु. १४० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या व पुढे रूपांतरित झालेल्या गाळाच्या खडकांत आहे. कृष्णाभ्रकाने समृद्ध अशा काळसर थरांशी त्याचा निकट संबंध दिसतो. धातुक गाळाबरोबरच साचले की नंतरच्या उष्ण विद्रावांनी आणून सोडले, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. मूळ खनिजीभवन प्राचीन असले, तरी क्रिटेशस काळात त्यातील काही भागाची पुन्हा हालचाल झाली, असे कालमापनावरून दिसते. हा वाद केवळ विद्वत्तेचा नाही. धातुक थराला बांधलेले असेल, तर वेध थराच्या रोखाने पुढे न्यावयाचे. ते विभंगांच्या अनुरोधाने आले असेल, तर विभंगांचा माग काढावयाचा.

तांबे मुख्यत्वे कॅल्कोपायराइट या खनिजात असते. कोबाल्टाचे दोन प्रकार संभवतात. ब्लॅकबर्ड परिसरात ते कोबाल्टाइटात आहे. या खनिजात वजनाने सु. ३५ टक्के कोबाल्ट असते, पण आर्सेनिक सु. ४५ टक्के म्हणजे कोबाल्टाहूनही जास्त असते. आग्नेयेकडील आयर्न क्रीक येथे कोबाल्ट पायराइटाच्या स्फटिकांत सामावलेले असून आर्सेनिकाचा उपद्रव अल्प आहे. विश्लेषणात दोन्ही नमुन्यांत ०·३ टक्के कोबाल्ट आढळले, तरी त्यांची किंमत सारखी नसते, कारण एकातून संहत खनिज मिळते ते आर्सेनिकयुक्त व दुसऱ्यातून मिळते ते लोह-गंधकाने भरलेले. [कोबाल्टाइट भारतीय कारागिरांस अपरिचित नव्हते. राजस्थानातील खेत्री भागातील बाबाई येथील खाणीतून निघणारे हे खनिज ‘सेहता’ या नावाने मीनाकामातील निळ्या रंगासाठी वापरीत.]

पृष्ठभागावरील शोध : प्रथम दाव्याचे भूवैज्ञानिक मानचित्रण करतात. कॅल्कोपायराइट अपक्षीण होऊन मॅलॅकाइटाचा हिरवा लेप येतो, पायराइटयुक्त खडकावर गंजलेल्या लोहाचे तांबूस कवच बनते आणि कोबाल्टाइटापासून एरिथ्राइट या सजल कोबाल्ट आर्सेनेटाची गुलाबी बुरशीसारखी पुटे तयार होतात. ही गुलाबी खूण दुरूनही ओळखू येते म्हणून जुने शोधक तिच्यावर फार विसंबत. परंतु आर्सेनिक नसेल तेथे एरिथ्राइट बनत नाही. म्हणून गुलाबी रंग नाही यावरून कोबाल्ट नाही असे अनुमान काढता येत नाही. शिवाय हा प्रदेश दाट अरण्याचा व उताराचा असल्याने मूळ खडक पुष्कळदा डबराखाली झाकलेला असतो. अशा वेळी ओढ्यांतील बारीक गाळाचे नमुने घेऊन कोणत्या खोऱ्यात धातूंचे प्रमाण वाढते ते पाहतात आणि तेथून वर उतारावर आखलेल्या जाळीनुसार मातीचे नमुने घेतात. भूकवचात कोबाल्टाचे सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत सु. २५ भाग असते. मातीत याच्या कित्येक पट आकडे सलग रेषेत मिळू लागले की त्यांना अर्थ येतो. एकट्या मोठ्या आकड्यास फारसा अर्थ नसतो, कारण जुन्या खाणीचा राडा वा वरून घसरलेला एखादा दगडही तो देऊ शकतो.

यानंतर भूभौतिकीय सर्वेक्षण करतात. खडकात विखुरलेली सल्फाइडे विद्युत् प्रवाह थांबविल्यावरही काही क्षण भार धरून ठेवतात, या गुणधर्मावर आधारलेली प्रवर्तित ध्रुवीकरण पद्धती येथे विशेष उपयोगी पडते. मात्र पायराइट, ग्रॅफाइट व कॅल्कोपायराइट यांत भेद करणे तिला जमत नाही.

वेधन : अंतिम निर्णय हिरकणी-वेधनाने मिळालेल्या गाभ्यावर होतो. सु. ४·८ सेंमी. व्यासाचा गाभा बाहेर काढून पेट्यांत क्रमाने मांडतात, किती टक्के गाभा हाती आला ते मोजतात, वर्णन लिहितात व करवतीने उभा दुभागतात. एक अर्धा भाग विश्लेषणास पाठवून दुसरा साक्षीसाठी जपून ठेवतात. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या नमुन्यांत ज्ञात प्रमाणाचे, धातुविरहित व दुबार असे नमुने न सांगता मिसळतात. त्यांचे आकडे चुकले तर सर्व तुकडीच संशयित ठरते.

वेधाचा कोन हा या कामातील सर्वांत जास्त फसविणारा भाग होय. थराशी ३० अंशांचा कोन करून जाणाऱ्या वेधात १० मी. लांबीचे धातुक दिसले, तर थराची खरी जाडी ५ मी. असते. दाव्यांची विक्री करताना पहिला आकडा मोठ्या अक्षरांत व दुसरा लहान अक्षरांत देण्याची प्रथा जुनी आहे. चांगला वेध एक मिळाला तरी त्याच्या शेजारचे वेध त्याच थरास गाठतात की नाही हे पाहिल्याशिवाय साठा सांगता येत नाही. वेधांतील अंतर कमी होत जाते तसा साठा अनुमानित, निर्देशित व मापित अशा चढत्या विश्वासार्हतेच्या वर्गांत जातो. तरीही त्यास खणण्याजोगा साठा म्हणता येण्यास खर्च, भाव व परवाने यांचा हिशेब जुळावा लागतो.

ब्लॅकबर्डचा इतिहास : येथे प्रथम १८९३ च्या सुमारास सोन्यासाठी दावे रोवले गेले, कोबाल्टाची ओळख विसाव्या शतकाच्या आरंभी पटली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस थोडे उत्पादन झाले. खरे उत्पादन १९५१ ते १९५९ या काळात, शासकीय खरेदीच्या करारावर, कॅलेरा कंपनीने केले. करार संपताच खाण जवळजवळ थांबली. १९७८ मध्ये झाईरेतील शाबा प्रांतात युद्ध पेटून कोबाल्टाचे भाव भडकले, तेव्हा नोरांडा कंपनीने येथे पुन्हा शोधकार्य केले; ते १९८२ मध्ये बंद पडले. १९८० च्या वन्यप्रदेश कायद्यातही पँथर क्रीकच्या पश्चिमेस कोबाल्टाच्या शोधासाठी एक खास क्षेत्र राखले गेले, यावरून त्या भाववाढीचा धसका किती होता ते कळते.

खाणीने मागे ठेवले ते पाणी मात्र थांबले नाही. बोगदे व राड्याचे ढीग यांतील सल्फाइडांवर हवा-पाण्याची क्रिया होऊन आम्ल बनते व ते तांबे, कोबाल्ट व आर्सेनिक वाहून नेते. ब्लॅकबर्ड व बिग डीअर या ओढ्यांतून हे पाणी पँथर क्रीकमध्ये गेले आणि माशांस तांबे अत्यल्प प्रमाणातही घातक असल्याने १९६० नंतर तेथील चिनूक सॅमन नाहीसा झाला. राज्याने १९८३ मध्ये दावा लावला, १९९५ मध्ये तडजोड झाली व जबाबदार कंपन्यांच्या खर्चाने बांध, वळणकालवे व जलशुद्धीकरण केंद्र उभारण्यात आले. २००१ मध्ये प्रौढ चिनूक मासे ओढ्यात सोडण्यात आले व पुढे त्यांची वीण दिसू लागली. पाणी शुद्ध करण्याचे काम दीर्घकाळ चालू ठेवावे लागते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्व्हॉइस कंपनीने शेजारच्या निक्षेपावर नव्या खाणीचे उद्‌घाटन केले. कोबाल्टाचे भाव उतरल्याने मार्च २०२३ मध्ये, उत्पादन सुरू होण्यापूर्वीच, काम स्थगित झाले. त्यानंतर त्याच परिसरात संरक्षण खात्याच्या अनुदानातून पुन्हा वेधनच झाले. येथील नव्या दाव्यांवर वेधनयंत्र येण्यापूर्वी ओढ्यांच्या पाण्याचे नमुने निरनिराळ्या ऋतूंत घेऊन ठेवणे हाही आता पूर्वेक्षणाचा भाग झाला आहे. पाण्यातील आर्सेनिक निसर्गतः किती होते व खाणीने किती वाढविले, हा वाद पुढे उपस्थित झाल्यास त्याचा निर्णय याच नमुन्यांवरून होऊ शकतो.