विडी सोडताना मुलांचा आधार

जळगाव-धुळ्यासह राज्यभर तंबाखूमुक्त शाळा मोहीम चालते. मुलांनी घरच्यांची विडी सोडवायची म्हणजे सतत टोकायचे, असा समज मात्र आढळतो. निकोटीनची (तंबाखूतील व्यसन लावणारे द्रव्य) ओढ शरीरालाही जडलेली असते, त्यामुळे नुसते टोकून भागत नाही. विडी सोडल्यावर तलफ आणि चिडचिड पहिले काही दिवस तीव्र असते. बहुधा दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. या काळात मुलांचे काम केळीच्या टेकूसारखे असते: टेकू घड पिकवत नाही, झाड कोसळू देत नाही. तलफ आली की वडिलांना पाणी द्यावे, बोलण्यात गुंतवावे, सोबत फिरायला जावे. उपचाराचा भार मुलांवर टाकू नये. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. आणि मोठ्यांनी मुलांना विडी आणायला पाठवणे आजच थांबवावे.