तुम्ही मूळचे कुठले?

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात मराठी घरी नवा माणूस आला, की पाण्यापाठोपाठ प्रश्न येतो: "तुम्ही मूळचे कुठले?" शिंद्यांच्या मागोमाग उत्तरेत आलेल्या या घरांत पिढ्या उलटल्या, तरी मूळ गाव विसरलेलं नाही. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातली एक संस्था हाच प्रश्न रक्ताला विचारते. तिचं नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत 'बॉम्बे' हा दुर्मीळ रक्तगट शोधला. १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केलं. त्याचीच पुढे ही संस्था झाली. थॅलॅसेमिया आणि सिकलसेल हे हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार तिच्या कामाचे मोठे विषय.

थॅलॅसेमियाचा वाहक धडधाकट असतो. त्याच्या तांबड्या पेशी मात्र लहान असतात, म्हणून पुष्कळदा लोहाची कमतरता समजून गोळ्या दिल्या जातात. एचपीएलसी यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतं. त्यात 'ए-टू'चं प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेलं, की वाहक असल्याचा दाट संशय येतो. पण जनुकात नेमकी चूक कुठे, हे यंत्र सांगत नाही.

त्यासाठी डीएनए लागतो, आणि तो पांढऱ्या पेशींतून काढावा लागतो. पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. 'आर्म्स' पद्धतीत डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, असे बेततात की त्यांचं शेवटचं अक्षर जुळलं तरच पीसीआर यंत्रात नकला वाढतात. एक प्रायमर निर्दोष जनुकासाठी, दुसरा दोषासाठी. मग जेलवर उमटलेल्या पट्ट्या वाचायच्या.

इथे मूळ गावाचा प्रश्न कामाला येतो. बीटा थॅलॅसेमियाचे शेकडो दोष माहीत आहेत, पण भारतातल्या बहुसंख्य रुग्णांत मोजकेच पाच-सहा सापडतात. सिंधी आणि लोहाणा घरांत ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला वारंवार आढळतो. म्हणून कुळाची माहिती हाती असली, की कोणते दोष आधी तपासायचे ते ठरवता येतं. अशा नेमक्या चाचणीला विचाराल तेवढंच सांगता येतं. ठरावीक दोष सापडले नाहीत, म्हणजे जनुक निर्दोष ठरत नाही. मग सिक्वेन्सिंग करून अक्षर न् अक्षर वाचावं लागतं.

पती-पत्नी दोघं वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजाराची शक्यता २५ टक्के. दोघांचे दोष आधी कळलेले असले, तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण तपासून गर्भाची स्थिती समजते. म्हणून तपासणी लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी व्हावी.

वाहक असणं हा रोगही नाही आणि कलंकही नाही. मूळ गाव अभिमानाने सांगणाऱ्या घरांनी रक्तातला हा वारसाही तितक्याच मोकळेपणाने सांगावा.