हरभऱ्याची उसळ

कडधान्ये हा आपल्या आहारातील प्रथिनांचा स्वस्त आणि सहज मिळणारा साठा आहे. १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. मात्र दाणा नीट शिजला, तरच तो पचतो व अंगी लागतो.

म्हैसूरमध्ये नवरात्रात घरोघरी बाहुल्यांची आरास मांडण्याची प्रथा आहे. सरस्वतीपुरमसारख्या वस्त्यांत आरास पाहण्यास आलेल्यांना हरभऱ्याची 'उस्ली' देतात. तिचे आपल्या उसळीशी असलेले नाते नावावरूनच लक्षात येते. उस्ली कोरडी असते. तिला मोहरी, हिंग, कढीपत्ता व सुक्या मिरचीची फोडणी देऊन वर ओले खोबरे घालतात. आपली उसळ बहुधा रसाची असते व तिच्यात कांदा आणि गोडा मसाला घालतात. दोन्हींची पूर्वतयारी मात्र एकच.

एक वाटी हरभरा निवडून, धुऊन तीन वाट्या पाण्यात रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास भिजवावा. भिजल्याने दाणा फुगतो, लवकर शिजतो आणि इंधन वाचते. पोटात वायू धरणाऱ्या शर्करेचा काही भाग पाण्यात उतरतो. म्हणून ते पाणी टाकून द्यावे. नंतर ताज्या पाण्यात हरभरा कुकरमध्ये शिजवावा. शिटी झाल्यावर आच मंद करून पंधरा ते वीस मिनिटे ठेवावा. दाणा बोटांनी सहज चेपला, म्हणजे तो शिजला.

चिंच, आमसूल किंवा टोमॅटो दाणा शिजल्यानंतरच घालावा. आंबटपणामुळे दाण्याच्या पेशींना जोडणारा घटक लवकर विरघळत नाही आणि दाणा टणक राहतो. जुना हरभरा किंवा जड पाणी असल्यासही शिजण्यास वेळ लागतो. अशा वेळी काही जण खाण्याचा सोडा घालतात. त्याने दाणा मऊ होतो, परंतु 'ब१' जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा अधिक वेळ भिजवणे हितकर.

वाढताना उसळीवर लिंबू पिळावे. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे हरभऱ्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. रक्तक्षयाचा त्रास असणाऱ्या स्त्रियांसाठी व वाढत्या मुलांसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. सोबत भाकरी, पोळी किंवा भात असावा. कारण धान्यातील प्रथिनांची उणीव कडधान्य भरून काढते आणि कडधान्यातील उणीव धान्य.

थोडक्यात, पौष्टिक जेवणासाठी महाग पदार्थच हवेत असे नाही. मूठभर हरभरा, वेळेवर केलेली तयारी आणि लिंबाची एक फोड एवढ्यानेही ताट सकस होते.