काट्यावरची शिल्लक

आमच्या महाडात हल्ली तरुण पोरांना एक नवाच प्रश्न छळतो आहे : आधी 'बल्किंग' करायचं की आधी 'कटिंग'? माझ्या पिढीला कटिंग म्हणजे अर्धा कप चहा, नाहीतर न्हाव्याकडची पाळी. या मुलांच्या भाषेत बल्किंग म्हणजे भरपूर खाऊन अंग भरणं आणि कटिंग म्हणजे खाणं तोडून चरबी उतरवणं. व्यायामशाळेत पाऊल टाकून पंधरा दिवस झालेला मुलगाही यावर तावातावानं वाद घालतो. (व्यायामशाळा आपण म्हणायचं, पोरं जिमच म्हणतात.) एक पक्ष म्हणतो, आधी दहा किलो वाढवा, मग उतरवा. दुसरा म्हणतो, आधी पोट घालवा, मग दंड कमवा. गंमत अशी की दोन्ही पक्षांतली शरीरं एकाच साच्यातली आहेत. हातपाय काटकुळे आणि बनियनखाली छोटीशी घागर.

हा साचा आपल्या ओळखीचा असला तरी त्याला शास्त्रात नाव मिळवून दिलं ते पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला व्यायाम काय, तर रुग्णालयाची लिफ्ट बंद व्हायच्या आत गाठण्यासाठी केलेली धावपळ, अशी याज्ञिकांनी स्वतःचीच थट्टा केली होती. थट्टेमागचं काम मात्र गंभीर होतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला होता. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली ३.५ किलोची. वजन कमी, पण ती कमतरता स्नायूंत जास्त आणि चरबीत कमी. म्हणजे बाळ दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार. मधुमेह आपल्याकडे सडपातळ माणसालाही का गाठतो, याचं एक उत्तर इथं सापडतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठारच लहान असेल तर माल बाहेर पडून राहणार.

मी बॅंकेत तीस वर्षं काढली, त्यातली काही पोलादपूरला. त्यामुळे मला हे ताळेबंदाच्या भाषेत चटकन कळतं. दोन शाखांच्या मालमत्तेची बेरीज सारखी असू शकते. एकीची कर्जं वेळेवर फिटणारी आणि दुसरीची थकलेली. नुसती बेरीज पाहणारा अधिकारी फार दिवस टिकत नाही. वजनकाटा ही नुसती बेरीज आहे. तो खोटं बोलत नाही, पण विचारल्यापेक्षा जास्तही सांगत नाही.

माझं वजन तेव्हा सहासष्ट किलो, उंची पाच फूट सात इंच. तक्त्याप्रमाणे एकदम 'नॉर्मल'. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा सासूबाईंना खुर्चीत बसवून माडीवर न्यायची वेळ आली. चौथ्या पायरीवर माझ्या हातांतली पकड सुटू लागली. बाजारातले दोन हमाल मदतीला आले होते. माझ्याहून बारीक, वजनानंही कमीच असतील. त्यांनी खुर्ची अलगद वर नेली, आणि मग शेजारचं तांदळाचं पोतंही. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना मी तक्त्यातल्या 'नॉर्मल'चा विचार करत होतो. डॉक्टरांकडून रक्तदाब, हृदय तपासून घेतलं आणि जिमचं नाव नोंदवलं.

तर प्रश्न असा, की आधी भरायचं की आधी उतरवायचं? माझं मत स्पष्ट आहे. नव्यानं वजन उचलू लागलेल्याला, आणि त्यातून पोट सुटलेल्याला, हा प्रश्न पडायचं कारणच नाही. पहिल्या काही महिन्यांत दोन्ही कामं एकदम होतात. चरबीचा स्नायू होत नाही की स्नायूची चरबी होत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत. ज्या स्नायूंनी कधी ओझंच पाहिलेलं नाही, ते पहिल्या हाकेला जोरात उत्तर देतात. बांधकामाला लागणारी ऊर्जा शरीर स्वतःच्या चरबीतून काढू शकतं. विटा मात्र बाहेरून आणाव्या लागतात, आणि विटा म्हणजे प्रथिनं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २०१६ साली वजन जास्त असलेल्या चाळीस तरुणांवर केलेला प्रयोग पाहण्यासारखा आहे. सगळ्यांचं खाणं चार आठवडे चाळीस टक्क्यांनी तोडलं, व्यायाम दणकून करवला. ज्यांना प्रथिनं भरपूर दिली त्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि स्नायूंसह चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं. ज्यांना त्याच्या निम्मी दिली त्यांची चरबी ३.५ किलो गेली, पण वाढ जवळजवळ शून्य. इतकी उपासमार घरी कोणी करू नये. पण मुद्दा कळतो. नुसतं उपाशी राहणारा माणूस ठेवीबरोबर कारखान्याची यंत्रंही विकत असतो. आणि नुसता भात वाढवून अंग भरणारा फक्त ठेव वाढवतो, तीही पोटावर.

आमच्या जिममध्ये पोलादपूरकडचा एक मुलगा येतो, एमआयडीसीत पाळीचं काम करतो. गावाच्या नावातच पोलाद आणि उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी, त्यामुळे त्याच्या अपेक्षा फार. कॅलेंडरवरच्या मावळ्याची छाती त्याला तीन महिन्यांत हवी. (खरा मावळा घाट चढून-उतरून वायरीसारखा चिवट असणार, असं मला आपलं वाटतं.) त्यानं विचारलं, "काका, डबा घेऊ का पावडरचा?" मी म्हटलं, "अरे, आधी आईनं दिलेल्या डब्यात काय आहे ते सांग." त्यात भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी होती.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपल्या आयसीएमआरचं प्रमाण आहे. वजनं उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, असं ४९ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून २०१८ साली पुढे आलं. म्हणजे सत्तर किलोच्या या मुलाला एकशे बारा ग्रॅम. त्याच्या पोटात जात होती जेमतेम पंचेचाळीस. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम कुळथात बावीस. सुक्या बोंबलाचं आणि जवळ्याचं निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचंच असतं. मीठ तेवढं धुऊन काढावं, रक्तदाबवाल्यांनी जपून. पावडर वाईट नाही, पण ती शेवटची भर. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

खाणं तोडायचं कुठं? संध्याकाळचा वडापाव आणि चार गोड चहा एवढे गेले तरी रोजच्या चारपाचशे कॅलरी सुटतात. किलोभर चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी असतात. करा भागाकार, आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर उतरते, आणि तेवढंच बरं. व्यायामही फार नको. आठवड्यातून तीनदा बैठका, जमिनीवरून वजन उचलणं, डोक्यावर ढकलणं, पोटाकडे ओढणं. रीत नीट बसली की वजनात अडीच किलोची भर. पहिल्या महिन्यात ताकद भराभर वाढते ती बरीचशी मज्जातंतूंच्या सरावानं. दंडाला टेप लावून निराश होऊ नये.

त्या मुलाची खरी अडचण रात्रपाळीची आहे, आणि तिच्याबद्दल जिममध्ये कोणी बोलत नाही. शिकागोत २०१० साली दहा माणसांना सारखंच बेताचं खाणं देऊन एकदा साडेआठ तास, एकदा साडेपाच तास झोपण्यापुरती मुभा दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. बाकी सगळं गेलं ते अंगातल्या कसाचं. मी त्याला सांगितलं, रात्रपाळीच्या आठवड्यात एक दिवस जिम बुडव, पण खिडकीला जाड चादर लावून सात तास झोप. हे त्याला पावडरपेक्षा कठीण वाटलं.

घाई कुणाला नसते? पण खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ५२ किलो गटात सहावे आले आणि हेलसिंकीला १९५२ साली ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. एक गट वर, मध्ये चार वर्षं. त्यांना हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. एवढं उत्तम तारण माझ्या टेबलावर कधी आलं नाही.

माझ्या वहीत आठ महिन्यांची नोंद आहे. वजन सहासष्टाचं पासष्ट. काट्याला विचाराल तर आठ महिने फुकट गेले. पण बेंबीजवळचा घेर सदतीस इंचांचा साडेचौतीस, आणि जमिनीवरून उचलायचं वजन वीस किलोंचं साठ. भारतीय पुरुषाचा घेर नव्वद सेंटिमीटरच्या आत असावा, बाईचा ऐंशीच्या, असं डॉक्टर सांगतात. दर रविवारी सकाळी, काही खायच्या आधी, शिंप्याची टेप घेऊन मी हे मोजतो. सौभाग्यवती आधी हसली. आता पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये पाणी भरून स्वतः बैठका काढते. दंड पुरुषी होतील ही भीती तिला शेजारणीनं घातली होती. साठीच्या बाईचे दंड इतक्या सहज वाढत असते तर जिममधली निम्मी पोरं तिच्याकडे शिकवणीला आली असती. हाडं मात्र घट्ट राहतात, आणि आमच्याकडच्या शेवाळलेल्या पायऱ्यांना तेच हवं.

आता श्रावण लागेल. अंडी-मासळी बंद, म्हणजे प्रथिनांचा सगळा भार वालाच्या बिरड्यावर, दुधावर आणि कुळथाच्या पिठीवर. गेल्या श्रावणात आमच्याकडे पिठी आठवड्यातून चारदा झाली. पाचव्यांदा मी मागितली तेव्हा ती मीच करावी असं ठरलं.